पाऊण पाय

पाय वर

मावशीने चार मिनिटं वाजवलं. मग हात उचलून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "छान आहे."

ते 'छान' माझ्या ओळखीचं आहे. मावशीने एकेचाळीस वर्षं घरी पियानो शिकवला. ज्या मुलांच्या बोटांची आणि कानांची एकमेकांशी ओळखदेखही नव्हती, त्यांच्या आईबापांना ती दारात उभी राहून हेच सांगायची. छान आहे. आईबाप खूश होऊन जिना उतरायचे. मुलाला मात्र कळायचं.

मलाही कळलं.

"काय कमी आहे?" मी विचारलं.

"काही नाही गं. छान आहे."

"मावशी."

"अगं, कमी काही नाही. सगळं आहे." तिने उजव्या पावलाने खालचं प्लॅस्टिकचं पेडल दोनदा दाबून सोडलं. टक. टक. "फक्त याला पाय नाही."

त्याला एकवीस दिवस झाले. एकवीस दिवसांत ती त्या पट्ट्यांना शिवलेली नाही. त्यांच्यावर आधी एक रुमाल आला. मग वर्तमानपत्र. काल गेले तर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. घरातल्या एखाद्या वस्तूवर इस्त्रीचे कपडे यायला लागले की ती वस्तू मेली असं समजावं.

पाय खाली

पियानोत प्रत्येक सुराच्या तारांवर फेल्टची एक छोटी गादी बसलेली असते, पट्टी दाबली की तेवढी एक गादी उठते आणि तार बोलते, पट्टी सोडली की गादी परत बसते आणि तार गप्प, पण उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या एकदम उठतात, सगळ्या तारा मोकळ्या होतात, आणि मग वाजवलेला असतो एकच सूर पण न वाजवलेल्या ताराही आपण होऊन गुणगुणायला लागतात, आधीचं संपत नाही आणि नंतरचं त्याच्यावरच येऊन बसतं, आणि मावशीच्या पियानोची लोखंडी चौकट चिरली तेव्हाही तिचा पाय असाच खाली होता, दुपारचे तीन वाजले होते, कड असा आवाज झाला आणि मग तो सगळ्या तारांमधून बराच वेळ फिरत राहिला, मग कारागीर आला, तीस वर्षं तोच त्या पियानोची देखभाल करायचा, त्याने बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाला, तारांचा ताण उतरवावा लागेल, नाहीतर एक दिवस आपणच फुटेल, आठवडाभर कसाबसा तग धरेल पण जोरात वाजवू नका, आणि धक्का अजिबात देऊ नका, नंतर मात्र हा पियानो म्हणून काही उरणार नाही, आणि मावशी त्याच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी, आवाज टिपणं आणि त्यांची कॉम्प्युटरमधली वाद्यं बनवणं हेच जिचं पोट, मी म्हणाले, तोंड असं करू नकोस, मी देते ना तुला आणून, अख्खा पियानो आणून देते, अख्खा

पाय वर

अख्खा म्हणजे असा.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. प्रत्येक पट्टी तीन जोरांत: हळू, मध्यम, जरा मोठ्याने. चौथा जोर, कडक, सोडून दिला. चौकट होती ना. म्हणजे दोनशे चौसष्ट सूर. वाजवणार मावशी, कारण तिचा हात हवा. सूर पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही, शिंकायचं नाही. हे तीन दिवस. चौथ्या दिवशी हेच सगळं पुन्हा, पेडल दाबून.

चौथा दिवस झालाच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणाले, पुरे आता, पायाचं मी गणिताने करीन. असं का म्हणाले ते तेव्हा कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सहाव्या दिवशी कारागिराने येऊन तारा उतरवल्या आणि पियानो सुटा करून नेला. भिंतीवर एक फिकट चौकट राहिली. तिच्यासमोर मी टेबल मांडलं, टेबलावर बिनआवाजाच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, शेजारी कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर.

माझं गणित सोपं होतं. पेडल दाबलेलं असेल तर सूर थांबवायचा नाही. संपलं गणित.

त्यामुळे माझ्या पियानोतले सूर थांबत नव्हते, पण एकमेकांशी बोलतही नव्हते. एका खोलीत अठ्ठ्याऐंशी माणसं आणि प्रत्येक जण भिंतीकडे तोंड करून उभा.

माझ्या धंद्यातल्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं. मला कळलं नाही याला कारण आहे. मावशीच्या शिकवणीत नियम होता: पहिली तीन वर्षं पेडलला पाय लावायचा नाही. बोटांनी सूर बांधता आले की मग एक दिवस ती म्हणायची, आजपासून तुला पाय. मुलं जिन्यात एकमेकांना विचारायची, तुला मिळाला पाय? मी अडीच वर्षांत शिकवणी सोडली. सख्खी भाची असून मला पाय मिळाला नाही, आणि जे मिळालं नाही ते फार महत्त्वाचं नसणार अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. ती इतकी पक्की बसली की तीस वर्षांनी मी तो पियानोतूनच वगळला.

"पायाचं करते मी काहीतरी," मी फोनवर मावशीला म्हणाले.

"कोण, तू?" ती म्हणाली. "जिला पाय मिळाला नाही ती पाय करणार. शाब्बास, इंजिनीअरबाई."

एरवी असं बोलून ती हसली असती. हसली नाही. फोन आईकडे दिला.

पहिला प्रयत्न. पेडल दाबलं की सगळ्या आवाजावर घुमारा चढेल असं केलं, मोठ्या सभागृहात असतो तसा. मावशीच्या घरी जाऊन पट्ट्यांवरचे कपडे उचलले. तिने उभ्याउभ्या एक सूर लावला, पाय दाबला, आजूबाजूला पाहिलं.

"मी आत्ता कुठे आहे?"

"म्हणजे?"

"मला घरात वाजवायचंय गं. स्टेशनवर नाही."

कपडे परत पट्ट्यांवर.

दुसरा प्रयत्न. प्रत्येक सुराबरोबर त्याच्या नात्यातले सूर हळूच लावले: वरचा सा, खालचा सा, पंचम. कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा फिरायला लागला. मावशीने तीन पट्ट्या दाबल्या आणि कान चोळला.

"एकाला हाक मारली तर अख्खं खानदान आलं की. आणि सगळे एकाच वेळी बोलतायत."

स्वयंपाकघरातून आई हसली.

आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. मला समजतंय तेव्हापासून दोघी याच घरात. आई नर्स होती. एकतीस वर्षं रात्रपाळी. सकाळी यायची, आंघोळ करून आतल्या खोलीत झोपायची, चारला उठायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दुपारची झोप सुटली नव्हती. आता मात्र सुटली होती. जेवली की ती आडवी व्हायची, छताकडे बघायची आणि उठून कपाट आवरायला घ्यायची. तीन महिन्यांत घरातल्या प्रत्येक डब्यावर, बरणीवर, पाकिटावर चिकटपट्टी लागली होती. तिच्यावर नाव आणि तारीख, पेशंटच्या कागदावर असते तशी. मला वाटलं, वय झालं.

तिसरा प्रयत्न मात्र विचार करून केला. एखादी वस्तू एका छोट्या धक्क्याला कसं उत्तर देते ते एकदा टिपून ठेवलं, की कॉम्प्युटर कुठल्याही आवाजाला तसंच उत्तर द्यायला शिकतो. धक्का जितका तुटक, उत्तर तितकं स्वच्छ. म्हणजे मला हवा होता एक पियानो, दाबून धरलेलं पेडल आणि एक टक.

मी कारागिराकडे गेले. त्याच्या कारखान्यात सरसाचा आणि भुश्शाचा वास असतो आणि पोट उघडं टाकलेले पियानो ओळीने उभे असतात, दवाखान्यातल्यासारखे. मावशीच्या पियानोच्याच घडणीचा एक निवडला. त्याने पेडल दाबून धरलं, मी लाकडी हातोडीने चौकटीवर टक केलं. सगळ्या तारा जाग्या झाल्या. आम्ही दोघं श्वास रोखून, त्या निजेपर्यंत.

या खेपेला मावशी बसली. पूर्ण मिनिटभर वाजवलं.

"हा खरा आहे," ती म्हणाली.

"हो ना?"

"खरा आहे, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे." तिने पाय काढून घेतला. "पावलाला कळतं गं. देवळाबाहेर दुसऱ्याची चप्पल सरकवली की कसं कळतं, तसं." मग माझं तोंड बघून म्हणाली, "तू खूप केलंस. आता राहू दे. माझं वाजवायचं वय थोडंच राहिलंय? कपडे ठेवायला जागा झाली, तेही बरंच आहे."

ती हे चांगुलपणाने म्हणाली. म्हणूनच मला भीती वाटली. वाजवणं सोडताना माणूस भांडत नाही, सामोपचाराने बोलतो. तीस वर्षांपूर्वी मीही अशीच बोलले होते.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा कारखान्यात गेले.

"तिच्या पियानोचं काय काय उरलंय?"

"लाकूड. पट्ट्या. पेडलं," कारागीर म्हणाला. "तारा गेल्या. चौकट मोडीत." त्याने कोपऱ्यातलं एक खोकं ओढलं. "आलीच आहेस तर एक गंमत बघ. तुला विचारणारच होतो."

त्याने एक लाकडी दांडा काढून उजेडात धरला.

"उजवं पेडल दाबलं की हा वर सरकतो आणि गाद्या उचलतो. घासून घासून कसा चकाकतोय बघ. पण कुठपर्यंत? इथपर्यंत. पुढचा हा चतकोर भाग कोरा. कारखान्यातून आला तसा."

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे तुझ्या मावशीने इतक्या वर्षांत पूर्ण पाय कधी लावलाच नाही. पाऊण. फार तर पाऊण. जाड तारा मोकळ्या व्हायच्या, बारीक तारांना गादी जराशी चाटत राहायची. मी दर वर्षी सूर लावायला यायचो. तारा बघितल्या, पट्ट्या बघितल्या, पण खाली वाकून कधी बघितलं नाही."

"सवय असेल तिची."

"सवय असती तर एखाद्या दिवशी चुकली असती. चाळीस वर्षांत एकदाही नाही?" त्याने पितळेचं पेडल माझ्या हातात दिलं. "याच्या पोटाला हात लाव."

लावला. पितळेला काहीतरी खरखरीत चिकटलं होतं. नखाने खरवडलं तर धागे निघाले. सुती धागे.

"याच्याखाली काय ठेवायची ती?" कारागिराने विचारलं.

मला आठवलं. पियानो नेला त्या दिवशी तो उभा होता त्या जागी जमिनीवर एक राखाडी चौकोनी गठ्ठा पडला होता, दाबून दाबून लाकडासारखा कडक झालेला. मी केरसुणीने सुपलीत घेतला आणि कचऱ्यात टाकला. मीच.

मी तशीच घरी गेले आणि त्या गठ्ठ्याचं विचारलं. आई डाळींचे डबे पुसत होती.

"टॉवेल होता तो," तिने मागे न वळता सांगितलं. "माझा. निळा. वसतिगृहातला."

"पेडलखाली कशाला?"

"मी दिवसा झोपायचे ना. तू चार महिन्यांची होतीस तेव्हा पहिल्यांदा रात्रपाळी लागली. ताईला वाटलं, शिकवणीचा आवाज भिंतीतून येतो, हिची झोप मोडेल. पेडल पूर्ण गेलं की आवाज फार पसरतो म्हणे. म्हणून माझा टॉवेल घेतला, चार घड्या घातल्या आणि सारला खाली. तेव्हापासून तिथेच."

"आणि मोडायची का झोप?"

आई वळली. "उलट. तो आवाज आला की मला झोप लागायची. शिकवणीला सुट्टी असली की मी टक्क जागी. मी तिला म्हणणार होते, काढ गं तो टॉवेल, नीट वाजव. पण मी झोपलेली असताना ती वाजवायची आणि मी उठेपर्यंत तिची शिकवणी संपायची. सांगायचं राहिलं."

"चाळीस वर्षं?"

"रात्रपाळी होती," आई म्हणाली, जणू त्यात सगळं आलं.

"पण तू मला तरी सांगायचंस! मी तीन महिने डोकं आपटतेय."

"मला कुणी विचारलं? तुम्ही दोघी त्या पेट्यांत तोंड घालून, स्टेशन काय, खानदान काय."

मी खाली बसले. कोडं सुटलं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. पाऊण पाय लावून मावशीचा पियानो कसा बोलायचा हे आता मला हवं होतं, आणि तो पियानो मोडीत गेला होता. माझ्याकडे होते दोनशे चौसष्ट सूर, प्रत्येक सूर बिनपायाचा, घासूनपुसून स्वच्छ केलेला.

"आता तो आवाज आणू कुठून?" मी म्हणाले, डाळीच्या डब्याला.

"भांडणात आहे की," आई म्हणाली.

"काय?"

"तुमच्या भांडणात. ताईने झाकण आपटलं तेव्हा तिचा पाय खाली होता. मी चहा घेऊन दारातच उभी होते. पाय मी पहिला बघते. पेशंट तोंडाने खोटं बोलतो, पायाने नाही."

हेच ते, तिसऱ्या दिवसाचं. ते मी माझ्या कॉम्प्युटरमधून पुसलं होतं. नुसतं कापलं नव्हतं, पुसलं होतं, कारण मी तिच्याशी कशी बोलले ते मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. आणि ज्या कार्डावर सलग तिन्ही दिवस टिपले होते ते आईच्या हातात देऊन म्हटलं होतं, हे टाकून दे.

"आई. ते कार्ड."

"टाकून दे म्हणालीस," आई म्हणाली आणि औषधांच्या खणाकडे गेली. तिने तीन पाकिटं बाजूला केली, चौथं काढलं, चष्मा वर सरकवून वाचलं आणि मला दिलं.

चिकटपट्टी. तारीख. खाली तिच्या सरळ अक्षरात: *पियानो. शेवटचा दिवस. भांडण.*

"टाकायला सांगितलेलं मी कधीच लगेच टाकत नाही," ती म्हणाली. "दवाखान्यात दुसऱ्या दिवशी हमखास मागतात."

तिसरा दिवस, साडेअकरा. पट्टी एकाहत्तर, मध्यम.

– चालू.

(सूर. त्याच्या मागे काहीतरी उघडल्यासारखं: फस्.)

– मावशी, पाय.

– नाही लावला.

– लावलास. परत. चालू.

(सूर. फस्.)

– मावशी, पाय!

– अगं, तो आपण होऊन जातो.

– मग मांडी घालून बस.

– स्टुलावर मांडी? पडले तर तेही टिपून घे. खाली कोणती पट्टी ते लिही.

– चालू.

(सूर. फस्.)

– पाय, पाय, पाय! एक सूर तीन वेळा! लहान मुलाला कळतं.

– लहान मुलाला मी पाय देत नाही.

– हो, माहितीये मला. मला तरी कुठे दिलास?

– तू थांबलीस कुठे घ्यायला?

– तुला हा पियानो हवाय का नकोय ते सांग. नको असेल तर मी निघते. मला कामं आहेत.

(फस्.)

(धाड.)

पाय खाली

आणि झाकणाच्या त्या धाडेला सगळ्या तारा एकदम उठून उभ्या राहिल्या, जाड तारांचा खालून आलेला हुंकार आणि त्याच्यावर बारीक तारांची कुजबुज, लवकर विझणारी, कारण त्यांना गादी जराशी चाटत होती, हे मी आता ओळखत होते, आणि ते चालू असताना आम्ही दोघी गप्प, कारण दोघींनाही त्याच क्षणी कारागीर आठवला होता, धक्का अजिबात देऊ नका, आणि मावशी पाय उचलायला घाबरत होती, पाय हलला तर चौकट फुटेल असं वाटून तिने तो होता तिथेच दाबून धरला होता, आणि मी उठायला घाबरत होते, आणि दारात आई हातातला चहासुद्धा हलू न देता, चौदा सेकंद, मी मोजले, चौदा सेकंद तीन माणसांनी एका पियानोसाठी श्वास घेतला नाही, आणि माझं मला कळेना की हेडफोन लावून मी रडते का आहे, कारण यापेक्षा तुटक धक्का आणि यापेक्षा स्वच्छ उत्तर मला कुठल्याही कारखान्यात, कितीही हातोड्या घेऊन मिळालं नसतं, आणि ते विरता विरता, अगदी शेवटी, माझा आवाज

– फुटली का?

– नाही, (आणि मोठा श्वास,) नाही फुटली गं

पाय वर

पाच दिवस लागले.

झाकणाचा आवाज वेगळा काढला, मागचं उत्तर ठेवलं. मावशीच्या पायाने 'बिघडवलेले' एकतीस सूर कार्डावर सापडले. त्यांच्याशी माझं काम ताडून पाहिलं. तीनदा चुकलं, चौथ्यांदा खऱ्यात आणि केलेल्यात मला फरक ओळखू येईना. नुसती 'फस्' नऊ ठिकाणी मिळाली. नऊही ठेवल्या, पाळीपाळीने वाजतील अशा, कारण तिचा पाय दर वेळी सारखा पडत नाही.

प्लॅस्टिकचं पेडल किती दाबलंय ते कॉम्प्युटरला आकड्यात कळतं. शून्य म्हणजे पाय वर, एकशे सत्तावीस म्हणजे तळाला. मी पंच्याण्णववर पूर्णविराम दिला. त्याच्या पुढे काही नाही.

मग आईला फोन केला.

"जुना टॉवेल आहे का एखादा?"

"कुठल्या सालचा हवाय?" आईने विचारलं.

पाऊण पाय

जेवणं झाली होती. मी टेबलाखाली आडवी होऊन पेडलखाली टॉवेल सारत होते. चार घड्यांनी उंच व्हायचा, तीन घड्यांनी बरोबर पंच्याण्णव. वर मावशी कपडे उचलत कुरकुरत होती.

"आता खाली काय? जमीन बदलतेयस?"

"बस तू."

ती बसली. मला टेबलाखालून तिचं पाऊल तेवढं दिसत होतं. टाचेला भेगा, अंगठ्याला जुना घट्टा. पाऊल पेडलवर आलं आणि दाबलं गेलं. या वेळी टक झालं नाही. टॉवेलवर टेकलं, आणि स्पीकरमधून फस्.

पाऊल तिथेच थांबलं.

मग वर आलं. पुन्हा खाली गेलं. फस्. पुन्हा. तिने अजून एकही पट्टी दाबली नव्हती. नुसत्या मोकळ्या झालेल्या तारा ऐकत होती, ज्या आता कुठेच नव्हत्या.

"कशातून काढलंस हे?"

मी टेबलाखालूनच सांगितलं. भांडण. झाकण. चौदा सेकंद. आणि टॉवेल. मग, पुन्हा एवढं धैर्य होईल न होईल म्हणून, "मी तेव्हा वाईट बोलले," असंही टेबलाच्या पायाला सांगून टाकलं.

पाऊल पुन्हा एकदा खाली गेलं. फस्.

"म्हणजे हा माझ्या रागावर चालतो?"

"हो."

"मग चिंता नाही," मावशी म्हणाली. "तो संपायचा नाही."

आणि तिने वाजवायला सुरुवात केली. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, अडीच वर्षांच्या शिक्षणात ते येत नव्हतं, पण ती पहिल्या ओळीला अडखळली, शिवी हासडली, पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि मग पाऊल खालीवर व्हायला लागलं, बोटांच्या किंचित मागून, जसं दोन बहिणींतली धाकटी थोरलीच्या मागून चालते तसं, आणि सूर एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. चार मिनिटं झाली. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून घड्याळाकडे बघत होते. दहा झाली. मी सरपटत टेबलाखालून बाहेर आले, तिचं लक्ष नव्हतं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा खांदे आपोआप खाली आले आणि मला कळलं की तीन महिने ते मी कानाशी धरून चालत होते.

आईला विचारावं म्हणून आतल्या खोलीत गेले. तिला पाय दिसतो, तिचं मत हवं होतं.

आई पलंगावर होती. एक हात खाली लोंबत होता आणि हातात चिकटपट्टीचं रीळ. चष्मा नाकावर वाकडा. अर्धवट आवरलेला खण तसाच उघडा. तोंड थोडं उघडं टाकून ती घोरत होती, दुपारचे सव्वादोन.

मी चष्मा काढून उशाशी ठेवला आणि दार लोटून बाहेर आले.

मावशीने हात थांबवले नाहीत. पायही नाही. मान तेवढी जराशी माझ्याकडे वळवली.

"झोपली का?"

"झोपली."

"मग जमलं," मावशी म्हणाली, आणि पान उलटलं.